पन्ह्याची बरणी

आता तुम्हीच सांगा, वैशाख तोंडावर आलेला, त्यात नागपूरचं ऊन. ऑफिसातून सुटलेल्या कारकुनानं वाटेत जरा थंड घेतलं तर काय बिघडलं? सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत ओमप्रकाशचा बार आहे. गडी कामठीच्या मिलिटरी मेसमधून रिटायर झालेला. शेकर हलवतो ते बघत राहावं. (मी एकदा हलवला, तर झाकण पंख्याला जाऊन लागलं.) त्याची लिंबू-जिन म्हणजे स्वर्गच. पण मला अवदसा आठवली आणि मी म्हणालो, "यात आमच्या घरचं पन्हं घालून पाहा ना!"

आमच्या बायकोचं, म्हणजे कौसल्येचं, पन्हं साधंसुधं नाही. शेगडीच्या निखाऱ्यात कैऱ्या भाजून, गूळ नि मिरी घालून केलेलं. ओमप्रकाशनं ते जिनमध्ये घातलं, बर्फ कुटून टाकला, ग्लासाच्या काठाला मीठ लावलं. पहिल्या घोटालाच माझे डोळे मिटले. मग काय, रोज एक बाटली गुपचूप घराबाहेर पडू लागली.

शनिवारी घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं, त्यासाठी पन्ह्याची बरणी भरून ठेवलेली. सकाळी मी बाटली भरत होतो तेवढ्यात कौसल्या आली. घाबरून मी अख्खी बरणीच पिशवीत कोंबली!

हाफ डे सुटताच सरळ घरी जायचं ठरवलं होतं. पण पाय ऐकतील तर ना. म्हटलं, एकच घेऊ. बरणी काउंटरवर ठेवली आणि चुकलो. मी दाराकडे बघतोय, घड्याळाकडे बघतोय, खुर्चीत धड बसवत नाही, आणि तिकडे बरणीतलं पन्हं खाली खाली चाललेलं.

"ओमप्रकाश, बस कर गा! घरी बाया येऊन राहिल्या!"

"क्या करूं साब, पार्टिशन के पीछेवाले बुजुर्ग मानतेच नहीं."

एवढ्यात पार्टिशनमागून आवाज आला, "हे पन्हं कोठून आणलं गा? हे त आमच्या कौसल्याच्या हातचं हाय!"

माझे सासरे! उमरेडचे मारोतराव. लग्नाआधी मी पितो का, हे माझ्या ऑफिसच्या शिपायापर्यंत विचारून गेलेले. टेबलाखाली हळदीकुंकवाच्या हरभऱ्यांची पिशवी.

"मामाजी, तुम्ही?"

"मी गुडघ्यासाठी घेतो. तुम्ही काहून आले?"

"बरणी न्यायले."

दोघांनी बरणीत वाकून पाहिलं. तळाला मिरी तेवढी उरली होती.

घरी बाया जमल्या होत्या. उंबऱ्यातच मामाजींनी मला पुढे ढकललं. "पाह्य वं पोरी, तुह्या नवऱ्यानं बरणी बारात नेली. मी पकडून आणलं!"

कौसल्येनं माझा वास घेतला, मग त्यांचा. बायांना लिंबाचं सरबत दिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

पुढच्या शनिवारी न राहवून बारमध्ये गेलो. ओमप्रकाशनं ग्लास ठेवला. तसंच मीठ, तसाच बर्फ. घोट घेतला, तर नुसतं पन्हं!

"अरे, जिन कुठाय?"

"भाभीजी आई थीं, साब. पन्ना अब वो खुदच भेजेंगी. बस, आपके गिलास में जिन नहीं."

पार्टिशनमागून अजून उमरेडला न परतलेल्या मामाजींचा आवाज आला, "ओमप्रकाश, गुडघा लय दुखून राहिला. अजून एक आण गा!"

"आणि यांना चालते का जिन?" मी विचारलं.

"उनके घुटने का भाभीजी को मालूम है, साब."

असं आहे होय! त्या संध्याकाळी मी घरात शिरलो तो लंगडतच. कौसल्येनं एकदा पाहिलं आणि कोमट तिळाच्या तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली.