दाट रक्ताचे मास्तर

"ब्रेक कोणी दाबला?" मास्तर कडाडले.

भर चौकात गाडी गचकन थांबून बंद पडली होती. मागचा टेम्पो जेमतेम वीतभर अंतरावर थांबला होता आणि टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या घालत होता. स्टिअरिंगवर बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय उचलून दाखवले. "मी नाही हं, मास्तर."

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. तेव्हा शंकेला जागाच नव्हती. पण मास्तरांनी जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती, ती एका टेम्पोवाल्यासमोर करणं शक्य नव्हतं. "गाडीच बदमाश आहे!" असं म्हणून त्यांनी थर्मासमधला बर्फाचा खडा तोंडात टाकला आणि कडाकडा फोडला.

खरं तर कित्येक महिने पाय त्यांचं ऐकत नव्हता. बसलं की पोटऱ्यांतून मुंग्या चालायच्या आणि पाय आपोआप उडायचा. जिना चढताना धाप लागायची, केस कंगव्यात यायचे, बर्फ चघळल्याशिवाय चैन पडायचं नाही. पण सांगायची सोय नव्हती. हार्मोन कमी म्हणून त्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू होती, त्यामुळे रक्त दाट झालं होतं, आणि म्हणून हार्मोनचे डॉक्टर अधूनमधून बाटलीभर रक्त काढून टाकत. हे कळल्यापासून घरच्यांच्या लेखी मास्तरांना आजारी पडायचा हक्कच उरला नव्हता.

"ज्याच्या अंगात रक्त मावत नाही, त्याला कसला आलाय थकवा?" मेहुणा म्हणायचा. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे. मास्तर चिडले की तो हसून म्हणे, "बघा, सुई बोलली!"

अरे, माणसाला राग आला तर निदान तो त्याचा स्वतःचा तरी धरा! मास्तरांच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

टेम्पोवाल्याने गाडीच्या पाटीवरून नंबर घेऊन मेहुण्याला फोन केला होता. मास्तर परतले तेव्हा निकाल तयार होता.

"दाजी, उद्यापासून गाडीत बसायचं नाही. ऑफिसात बसून फोन घ्या."

"अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली! तुलासुद्धा!"

"म्हणून तर सांगतोय."

मास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. डॉक्टरीणबाई अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, हा बर्फ किती दिवस खाताय?"

"दात माझे आहेत, बाई!"

"आहेत तोवरच विचारून घेते. बर्फाची अशी तलफ बऱ्याचदा लोह कमी असलं की येते. अंगात लोहाचा साठा किती आहे, ते तपासून घ्या."

तपासलं, तर साठा जवळजवळ रिकामा निघाला. एखाद्याला लॉटरी लागावी तसे मास्तर तो रिपोर्ट नाचवत हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हिमोग्लोबिन एवढं वर आणि लोह तळाला? लॅबनं घोळ घातलाय."

आता मात्र कहर झाला. मास्तर तडक घरी गेले आणि बायकोला हाताला धरून लॅबमध्ये घेऊन आले.

"अहो, मशीनला कपडे लावलेत मी—"

"कपडे गेले खड्ड्यात! माझं पुन्हा तपासा आणि हिचंही तपासा," त्यांनी लॅबवाल्याला बजावलं. "ही ठणठणीत आहे. हिचं बरोबर आलं तर तुमचं यंत्र खरं!"

दुसऱ्या दिवशी मास्तर डॉक्टरांसमोर बसले. शेजारच्या खुर्चीत मेहुणा होता, साक्षीदार म्हणून मुद्दाम आणलेला. बायको मागे भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्या दोनच होत्या.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट वाचले. "यंत्र बरोबर आहे, तुमचा आकडा दुसऱ्यांदाही तोच आलाय. चूक माझी. इंजेक्शनमुळे शरीर रक्त बनवत सुटलं, साठ्यातलं लोह त्यात गेलं, आणि उरलंसुरलं मी बाटलीतून काढून टाकलं. रक्त दाट, कोठार रिकामं. आता डोस कमी करू आणि लोह जपून देऊ. पाय थांबेल, मग गाडीत बसा."

"ऐकलंस?" मास्तर मेहुण्यावर गरजले. "ऐकलंस का?" अजून पुष्कळ बोलायचं त्यांनी ठरवून आणलं होतं. पण डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हते.

"मास्तर, उठा. बाईंना बसू द्या. ह्यांचा साठा तुमच्या निम्मासुद्धा नाही, आणि हिमोग्लोबिनही पार खाली गेलंय. ह्या उभ्या कशा आहेत हेच मला कळत नाही."

मास्तर उठले. मेहुणाही उठला.

"तुला धाप लागते?" मास्तरांनी विचारलं.

"लागते ना."

"पाय?"

"रात्रभर."

"मग बोलली का नाहीस कधी?"

बाई सावकाश खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पर्स मांडीवर ठेवली. "कधी बोलणार? सकाळी उठल्यापासून तुमचं चिडणं चालू. तुम्ही दमलात की हा येतो. माझा नंबरच लागत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे, आणि दोघांना नीट समोर उभं राहायला सांगितलं. आवाज पहिल्याच वाक्याला असा काही लागला की बाहेरचे पेशंट उठून दाराशी आले. डॉक्टर दार लावायला निघाले.

"राहू द्या उघडं," बाई म्हणाल्या.