दगडूनानांच्या पडद्यावर कोणी मेलं नाही

दगडूनानांनी आमच्या गावात इतकी वर्षं मुकी चित्रं समजावली, पण पडद्यावर एकाही माणसाला मरू दिलं नाही. गोळी लागलेले, बुडालेले, घोड्यावरून पडलेले, विष घेतलेले, असे सगळ्या देशांचे लोक आमच्याकडे येत आणि शेवटी फक्त झोपत.

"मरना नही," पडद्याशेजारच्या बांबूला धरून नाना गरजत, "जपी गया. उठाडू नका!"

आमच्या बोलीत मरना म्हणजे मेला आणि जपी जाणं म्हणजे झोपी जाणं. नानांचा आवाज असा की उठाडू नका म्हणताना त्यांनीच अर्धं गाव जागं करावं. तरुणपणापासून ते कापसातली सरकी काढायच्या जिनात इंजिनाला तेल घालत. त्या धडधडाटात ओरडून ओरडून आवाज वाढला आणि कान गेले. आपण ठार बहिरे आहोत हे नाना कबूल करत नसत. कोणी काही विचारलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघून म्हणत, "बराबर शे." मग तुम्ही वेळ विचारलेली असो की पत्ता.

आमचं गाव जळगाव आणि नरडाणा यांच्या मधलं. चित्रांची रिळं मुंबईहून आधी जळगावला यायची, मग आमच्याकडे, आमच्यानंतर धुळ्याला जायची. कापसाचा हंगाम संपला की जिनाचं आवार रिकामं पडे. तिथे दरसाल सात दिवस सात देशांची मुकी चित्रं दाखवायची, ही कल्पना आमच्या आबांची. आबा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ आणि हे सगळं चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सप्ताह म्हटलं की हरिनामाचाच माहीत, म्हणून त्यांनी सगळे नियम तिथलेच लावले. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, तशी आमच्याकडे रिळांची पेटी खाली ठेवायची नाही. दोघंदोघं पाळीपाळीने ती मांडीवर घेऊन बसत. एकेक देश एकेका गल्लीकडे, आणि त्या दिवशीची पंगत त्या गल्लीची. सातव्या दिवशी काला.

मी या मंडळाचा चिटणीस. नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, अक्षर बरं आणि यादीशिवाय चैन न पडणारा. पेटी कोणाच्या मांडीवर किती वाजेपर्यंत, कुठलं रीळ आलं, कुठलं वाटेत हरवलं, फ्रान्स कोणत्या गल्लीकडे, सगळं मी लिहीत असे. देश मात्र नाना ठरवत. बर्फ दिसला की रशिया. बायका फार हसल्या की फ्रान्स. टोप्या उंच असल्या की विलायत. एकदा रशिया दोन दिवस लागोपाठ आला. तेली गल्लीने विलायतेची म्हणून पुरणाची पंगत आधीच शिजवली होती, तेव्हा नानांनी भर बर्फात जाहीर केलं, "हाई विलायतच शे. यंदा तठे थंडी जास्ती शे."

मला थोडं इंग्रजी येई. पडद्यावर अक्षरं आली की मी त्यांचा अर्थ शाळेच्या पाटीवर लिहून कंदिलाजवळ धरायचा आणि नानांनी तो लोकांना सांगायचा, अशी आमची रीत. नाना पाटीकडे नजर टाकत आणि मग स्वतःला हवं ते सांगत. मी लिहावं, 'नायक रणांगणावर मेला.' नानांनी सांगावं, "जवान थकेल शे. जपी गया!"

एका लढाईच्या चित्रात शेवटी शेकडो सैनिक माळावर आडवे पडलेले दिसले. नानांनी क्षणभर पाहिलं. "बठ्ठा जपी गयात."

मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, अख्खी पलटण एकदम?"

नानांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण लोकांचे हसरे चेहरे त्यांना दिसले. "तीन दिन पायी चालेल शेतस त्या," ते कडाडले. "तू चालीसन दाखाड!"

सगळ्यात अवघड वेळ आली ती फाशीच्या चित्राने. गळ्यात दोर घातलेला माणूस झोपला, असं कोणत्या तोंडाने सांगणार? यंत्र चालवणारा उस्मानभाई धुळ्याचा. यंत्राची मूठ हातानेच फिरवायची असे. नानांनी त्याच्याकडे बघून हाताने उलट खूण केली. उस्मानभाईने मूठ उलटी फिरवली. कैदी मागच्या पावलांनी पायऱ्या उतरला, तुरुंगातून उलटा घरी गेला, बायकोजवळ बसला आणि तोंडातला चहा घोटाघोटाने कपात परत सोडू लागला. कप भरला तसे नाना म्हणाले, "सुटी गया. घर वना. चहा पी राहिना." टाळ्या थांबेनात.

मी माझ्या यादीत दोन रकाने पाडले होते. 'शेवट, खरा' आणि 'शेवट, नानांचा'.

आमचा सप्ताह वाढला तो या दुसऱ्या रकान्यामुळे, हे मला फार उशिरा कळलं. धुळ्याच्या एका वकिलांनी तक्रार केली होती, की तेच चित्र त्यांनी आपल्या गावी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यात नायक स्वच्छ मेला. आमचे लोक म्हणाले, "धुळ्याला मरत असेल. आमच्याकडे नाही मरत." ही गोष्ट गावोगाव गेली. मग तापीकाठच्या खेड्यांतून बैलगाड्या येऊ लागल्या. त्यांत बायका जास्त. पुष्कळशा पांढऱ्या कपाळाच्या, काही मांडी रिकामी झालेल्या. युद्ध संपलं त्या साली तापाची जी साथ आली, तिने एकही घर सोडलं नव्हतं. या बायका हसायच्या ठिकाणी हसत नसत. सगळं चित्र गप्प बसून बघत आणि "जपी गई, उठाडू नका" ऐकलं की पदर सावरून उठत, गाड्या जुंपायला सांगत.

मला मात्र खोट्याचा राग. एकदा मी पाटीवर लिहून नानांना विचारलं, 'लोकांना खोटं का सांगता?'

नानांनी वाचलं आणि पाटी माझ्या हातात परत दिली. "मास्तर," ते म्हणाले, "तुनी यादी तू ठेव."

हे त्यांचं माझ्यापुरतं ठरलेलं वाक्य होतं. मी रीळ हरवल्याचं सांगितलं, देश चुकल्याचं दाखवलं, पंगतीला यायची आठवण करून दिली, तरी हेच. लोकांना त्यात गंमत वाटे. मला वाटत नसे. का, ते आता लिहिलंच पाहिजे.

साथीच्या साली शाळा बंद करून तिथे आजारी माणसं ठेवली होती. आत नातेवाइकांना सोडत नसत. रात्रीतून आत कोण दगावलं याची यादी रोज पहाटे करायचं काम माझ्याकडे आलं, आणि ती चौकात उभं राहून वाचायचं काम नानांकडे. गावाच्या दोन्ही टोकांना पोचेल असा आवाज दुसरा नव्हता. नाव ऐकलं की त्या घरचं कोणी उरलं असेल ते लाकडं घेऊन निघे. नानांना लिहिता वाचता येत होतं. मी कागद द्यायचा, त्यांनी वाचायचा, घडी करून मला परत द्यायचा. असं बरेच दिवस चाललं.

त्यांची बायको यशोदा शाळेत होती हे मला ठाऊक होतं. एका पहाटे सातव्या ओळीवर मी तिचं नाव लिहिलं. नानांना घरी निरोप गेला असेल, असं मी धरून चाललो. असलं काही विचारून घ्यायचं माझ्या कामात बसत नव्हतं. क्रम बरोबर होता, अक्षर स्वच्छ होतं. मी कागद दिला.

निरोप गेला नव्हता.

नानांनी सहावं नाव वाचलं. सातवं वाचलं, "यशोदा, दगडूनी बाई, माळी गल्ली." आवाज जरासुद्धा हलला नाही. मग आठवं वाचलं, नववं वाचलं, शेवटपर्यंत सगळी वाचली, कारण त्या लोकांची घरंही ऐकत होती. कागदाची घडी केली, मला परत दिली आणि लाकडं आणायला गेले.

मी त्यांच्याशी त्याबद्दल कधीच बोललो नाही. पाटी हातात असूनही नाही.

पुढे बोलणारी चित्रं आली. मुकी रिळं मुंबईहून मिळेनाशी झाली. त्या वर्षी कशीबशी सहा दिवसांची जुनी रिळं जमली, आणि सातव्या दिवशी, काल्याला, एक बोलणारं हिंदी चित्र दाखवायचं ठरलं. दुपारी जिनाच्या गोदामात दारं लावून ते थोडंसं चालवून पाहिलं. नाना सवयीने बांबूजवळ उभे राहिले आणि समजावू लागले. चित्रातली बाई बोलते आहे हे त्यांना कळायचं कसं? पडद्याजवळच्या डब्यातून येणारा तिचा आवाज नानांच्या आवाजाखाली पार बुडाला.

उस्मानभाई म्हणाला, "मास्तरजी, डब्बा भी बोल रहा है, नाना भी बोल रहे हैं. किसको बंद करूँ?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "चिटणीस तू आहेस. नानाला तू सांग."

मी नानांना बाहेर कापसाच्या वखारीच्या सावलीत नेलं आणि पाटीवर लिहिलं, 'आजचं चित्र स्वतः बोलतं. समजावायची गरज नाही.'

नानांनी ते दोनदा वाचलं. बहिऱ्या माणसाला, चित्र बोलतं, हे लिहून कळवावं लागत होतं. रागावतील, यादी ठेव म्हणतील, असं वाटलं. ते म्हणाले, "कोन मरस त्यामा?"

मी लिहिलं, 'शेवटी आई.'

"मंग बठ्ठं चित्र तुमनं," नाना म्हणाले. आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. "तेवढं माले बोलू दे."

मी आबांना विचारलं नाही. माझ्या आयुष्यात परवानगी न घेता केलेलं हे एवढंच काम. उस्मानभाईला सांगितलं, आई खाटेवर आडवी झाली की आवाजाचा खटका बंद कर. तो म्हणाला, "मेरी भी माँ बुखारवाले साल गई थी, मास्तरजी. कर दूँगा."

दिवेलागणीला आवार भरलं. गाड्या आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. नाना चित्रभर पडद्याशेजारी खाली बसून होते, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. लोक बोलणाऱ्या डब्यावर खूश होते. नानांकडे कोणाचं लक्षही नव्हतं. मग चित्रातली आई खाटेवर आडवी झाली, मुलांना जवळ बोलावू लागली, आणि खटका पडला. डबा गप्प झाला. पडद्यावर तिचे ओठ नुसते हलत राहिले, जुन्या चित्रांसारखे.

नाना उठले. बांबूला धरलं. तोंड उघडलं.

आवाज आला नाही. चौकात सातव्या नावाला न हललेला तो आवाज आता निघेचना. पडद्यावर आईचे डोळे मिटले. नाना तिच्याकडे बघत तसेच उभे. डबा गप्प, नाना गप्प.

मग बायकांच्या बाजूने तापीकाठच्या सोनाअक्का बोलल्या. त्या पहिल्या सप्ताहापासून दरसाल येत. "जपी गई, नाना."

त्यांच्यामागून आणखी कोणी. मग सगळी बाजू. "जपी गई. उठाडू नका. उठाडू नका."

नानांची त्या सगळ्यांकडे पाठ होती. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते अजून तोंड उघडून उभेच होते, आपलं काम राहिलं म्हणून.

मी कंदील घेऊन पुढे गेलो. पाटी पुसली आणि त्या म्हणत होत्या तेच त्यांच्याच बोलीत, स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, 'सगळ्यांनी म्हटलं.' आणि नानांसमोर धरली.

त्यांनी वाचलं. वळून बायकांच्या बाजूकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी दिलेलं काहीही वाचून झालं की नाना ते मला परत देत, हे मी वर लिहिलंच आहे. त्या दिवशी त्यांनी पाटी काखेत धरली, एका हाताने धोतराचा सोगा सावरला आणि काल्याला न थांबता घरी गेले.

पाटी शाळेची होती. शाळेच्या सामानाच्या यादीत तिच्यापुढे मी 'दगडूनानांकडे' असं लिहिलं. नाना जाऊन आता काही वर्षं झाली. दरसाल यादी नव्याने उतरवून काढतो, तेव्हा ती ओळ तशीच पुढे घेतो.