अंबूबाईच्या वाटणीचा वारा

बावीस वर्षांपूर्वी, खंडाळ्याच्या बंगल्यात नवी कोरी गाडी आली त्या दिवशी साहेबांनी एक बटण दाबलं आणि डॅशबोर्डातून 'भुस्सऽ' असा आवाज आला. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीनं नाकातून वारा सोडावा, तसा. स्टिअरिंगवरच्या ड्रायव्हर दत्तोबाच्या मनगटांवर गारवा उतरला आणि त्यानं चालती गाडी थांबवली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही न्हाई. बघतोय."

"बघ. पण हात लावू नकोस."

दत्तोबानं हात लावला नाही. (किती दिवस, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. त्यानं बावीस वर्षं धरली.)

गेल्या साली बंगला विकला गेला आणि जुनी झालेली गाडी दत्तोबाबरोबर त्याच्या गावी, भाज्याला आली. गारवा कधीच संपला होता, पण वारा यायचा. फक्त डाव्या टोकाची, त्याच्या बायकोच्या, अंबूबाईच्या जागेपुढची जाळी मुकी. तिकडची काचही पाच वर्षं खाली उतरली नव्हती. आणि कोंदट गाडीत अंबूबाईला शेजारच्या मळवलीच्या आतच मळमळायचं आणि गाडी मागं फिरायची.

"गुरवारी शिरगावला साईबाबाच्या दर्शनाला जायचंय," ती म्हणाली. "तोंडावर वारा आला तर तुमच्या गाडीत बसंन. न्हाईतर कार्ला फाट्यावर येष्टी हाय."

दत्तोबानं आयुष्यभर लोकांची बायकापोरं फिरवली होती. स्वतःची बायको शेजारी बसवून तो एकदाही कुठं गेला नव्हता.

"एकच स्क्रू काढून बघतो," तो सोमवारी म्हणाला.

एका स्क्रूमागं दुसरा लपलेला होता. मंगळवारी संध्याकाळी सगळा डॅशबोर्ड ओट्यावर होता आणि दत्तोबा उघड्या गाडीपुढं मांडी घालून बसला होता. आत काळे नळ, नळांना फाटे, फाट्यांवर छोटी दारं. पायाचा वारा वेगळा, तोंडाचा वेगळा, काचेचा वेगळा. कुणीतरी बसून एवढा विचार केला होता.

"वाऱ्याला घर बांधलंय रं," तो शेजारच्या केरबाला हळूच म्हणाला.

"बांधलंय का तुमी पाडलंय, भाऊ?"

दत्तोबानं एकेक नळ तोंडानं फुंकला. एकातून भाताची टरफलं आणि उंदराचं रिकामं घरटं निघालं. (उंदीर मावळातला, इंद्रायणी तांदळाशिवाय खात नसावा.) चोर सापडला म्हणून त्यानं बुधवारी सगळं परत बसवलं.

गुरुवारी सकाळी नवं लुगडं नेसून अंबूबाई गाडीत बसली. दत्तोबानं बटण दाबलं. मधल्या दोन जाळ्यांनी उरलेली टरफलं तिच्या अंगावर उधळली. तिची जाळी गप्प.

"उतरते मी," अंबूबाई म्हणाली.

तेवढ्यात यशोधरा कामावर निघाली होती. गावातलीच पोर, लोणावळ्याच्या एका गॅरेजात मेकॅनिक.

"यशोधरा, जरा बघ गं," दत्तोबानं हाक मारली.

ती आत वाकली. जाळीच्या कडेला वालाच्या दाण्याएवढं एक चाक होतं, ते तिनं अंगठ्यानं फिरवलं. वारा आला. अंबूबाईचा पदर डोक्यावरून उडाला आणि तिनं डोळे मिटले.

"जाळी बंद होती, आबा. बाकी काही नाही."

साहेबांच्या आईला वारा सोसत नसे. त्यांनीच कधीतरी ती बंद केली असणार.

"ते फिरतं व्हय?" दत्तोबा पुटपुटला. "मी रोज पुसत व्हतो."

यशोधरा हसू दाबत कामाला गेली. दत्तोबा मात्र बायकोकडं बघत राहिला. एवढं निवांत तोंड त्यानं तिचं कधी पाहिलं नव्हतं.

"शालनला बोलवा," डोळे न उघडता अंबूबाई म्हणाली. "तिलाबी बसू द्या जरा."

शेजारची शालन आली, बसली, "अगं बाई" म्हणाली. मग लीलाबाई, मग तिच्या दोन सुना. केरबा दोनदा बसला. पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून दत्तोबानं इंजिन बंद ठेवलं होतं. नुसत्या किल्लीवर पंखा छान चालत होता. तो बॉनेटपाशी हात जोडून उभा होता, आणि आपण हात जोडलेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

दीड तासानं सगळ्यांचं झालं. अंबूबाई परत आपल्या जागी बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"चला," ती म्हणाली. लाजून म्हणाली.

दत्तोबानं किल्ली फिरवली. 'टक्.' परत फिरवली. 'टक्.' वारा बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि थांबला.

"बॅटरी उतरली," केरबा म्हणाला. "पण वारा लय झ्याक व्हता, भाऊ."

अंबूबाई खाली उतरली. दार तिनं हळू लावलं, नव्या गाडीचं लावावं तसं. पदर डोक्यावर घेतला, पिशवी काखेत मारली आणि येष्टीसाठी कार्ला फाट्याच्या दिशेनं चालू लागली.