बळवंतची होडी आणि सरकारी गाठ

साधारण अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमारास सरकारच्या असं लक्षात आलं, की मार्व्याच्या धक्क्याला होड्या वेगवेगळ्या गाठींनी बांधल्या जातात. बाब गंभीर होती. एकाच धक्क्याला, एकाच समुद्रात, महादू एक गाठ मारतो आणि बळवंत दुसरी, हे समाजवादी समाजरचनेत बसत नव्हतं. म्हणून बोरिवलीला एका बेकरीच्या माडीवर 'उपनगरी गाठ सुसूत्रीकरण कार्यालय' उघडण्यात आलं. तिथे आधी खुर्च्या आल्या, मग पंखा आला आणि सर्वांत शेवटी गाठ निरीक्षक भाऊराव सबनीस आले.

भाऊराव मुलुंडचे. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता. मात्र जुन्या खात्यात कागदपत्रांची बासनं बांधण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांनी बांधलेलं बासन पुन्हा कधी कुणाला उघडता आलं नव्हतं. ही योग्यता पाहूनच त्यांची निवड झाली.

धक्क्यावर त्यांना पहिली भेटली ती बळवंतची बायको कृष्णाबाई. ती मनोरीची, टोपली पुढ्यात घेऊन मांदेली विकत बसली होती.

"बाई, तुमच्याकडे गाठींचे एकूण प्रकार किती?"

"मोजलेत कुनी, सायेब? जाल्याची येगली, नांगराची येगली, लुगड्याची येगली. पोराला नजर लागली तर काल्या दोऱ्याची. घासलेट आनायचं इसरू नये म्हनून पदराला मारते ती. आनि ह्याच्यासंगती लग्नात बांधली ती एक." तिनं मानेनंच बळवंतकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"ती सुटती की कायमची?"

"सुटली असती तर हितं बसून माशा मारल्या असत्या काय?"

घरगुती गाठींचा विचार दुसऱ्या टप्प्यात होईल असं भाऊरावांनी जाहीर केलं. पदराच्या गाठीनं खरोखर आठवतं का, एवढं मात्र त्यांनी हळूच विचारून घेतलं. त्यांच्याही घरून घासलेट सांगितलेलं होतं.

मग प्रात्यक्षिक. त्यासाठी बळवंतचीच होडी निवडण्यात आली, कारण ती सगळ्यांत देखणी होती. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. बळवंतनं तिला तेल पाजून, नवा निळा रंग लावून सज्ज ठेवली होती. पावसाळाभर घरात कमाई नव्हती. पौर्णिमेला नारळ सोडला की ही होडी दर्यात जायची आणि तेव्हा कुठे कृष्णाबाईच्या टोपलीत दुसऱ्याची नव्हे, स्वतःची मासळी पडायची.

भर दुपारची ऐन भरती होती. होडी धक्क्याच्या बरोबरीला तरंगत होती. भाऊरावांनी पुढून एक आणि मागून एक असे सरकारी नायलॉनचे दोर आवळले, दोन खुंटांना दोन प्रमाण गाठी मारल्या आणि वर लाख ओतून शिक्का उठवला.

"सायेब, दोर जरा ढिला ठेवा," बळवंत म्हणाला. "पानी उतरंल ना."

"कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम कशाला लागतोय? रोजच उतरतं."

"रोज उतरतं आणि कुणी कळवत नाही!" भाऊराव हळहळले आणि मालाडची बस पकडून निघून गेले.

पाणी उतरलं. होडी उतरली नाही. संध्याकाळपर्यंत ती दोन दोरांवर पाळण्यासारखी हवेत झुलायला लागली आणि खाली चिखलात खेकडे वर बघत उभे राहिले. हे मी ऐकीव सांगत नाही. खेकडे मी स्वतः पाहिलेत.

बळवंत कोयता घेऊन धावला. म्हाताऱ्या महादूनं त्याला कमरेत मिठी मारली. "येडा हाय काय रं! सरकारी लाख हाय ती. तोडलीस तर तू आत, होडी भायेर!"

म्हणून बळवंत बोरिवलीला गेला. तिथे कळलं, मार्व्यात गाठींचं शंभर टक्के सुसूत्रीकरण केल्याबद्दल भाऊरावांना बढती मिळाली आहे. ते आता आतल्या खोलीत बसत. बळवंतचं म्हणणं त्यांनी अगदी सहानुभूतीनं ऐकलं.

"गाठ सोडायला माझी ना नाही हो. पण मी बांधणी विभागाचा. सोडण्यासाठी वेगळा सोडणूक विभाग आहे."

"तो कुठं बसतो?"

"मंजूर झालाय. बसायचा आहे."

तोवर निदान होडीच्या परवान्याचं बघावं म्हणून बळवंत दुसऱ्या एका खात्यात गेला. त्यांनी तपासणीला माणूस पाठवला. त्यानं ओहोटीच्या वेळी येऊन होडीखालून आरपार चालून दाखवलं आणि लेखी दिलं, की सदर वस्तू पाण्यात नसल्यामुळे तिला होडी म्हणता येत नाही. भरतीला ती होडी होते, हे खरं. पण त्या वेळी आपलं जेवण असतं.

नारळी पौर्णिमा आली. बाकीच्या होड्या वाजतगाजत गेल्या. निरीक्षक दिसले की दोराला दाखवण्यापुरतं एक वेटोळं घालायचं आणि पाठ फिरली की सोडून द्यायचं, हे सगळे शिकले होते. संध्याकाळी टोपल्या भरून परतताना जो तो बळवंतच्या पाठीवर हात ठेवी.

"लय वाईट झालं रे तुझं, बळवंता."

"व्हय रं," कृष्णाबाई फणकारली. "रडू आवर आनि पापलेटचा भाव उतरव जरासा!"

इकडे होडीची कीर्ती पसरली. अंधेरीहून, घाटकोपरहून माणसं हवेतली होडी बघायला यायला लागली. खाली भेळवाला बसला, वर 'आदर्श गाठ. कृपया हात लावू नये' अशी पाटी लागली. उन्हानं फळ्या तडकू लागल्या. बळवंत रोज ओहोटीला चिखलात उतरून तिच्या पोटाला तेल लावी आणि लोक त्याचा फोटो काढत.

दिवाळी उलटल्यावर सोडणूक विभाग अखेर बसला. अधिकारी आले ते सुट्टीच्या दिवशी. कर्तव्याला सुट्टी नसते, असं ते म्हणाले. सुट्टीच्या दिवशी आलं की जादा भत्ता असतो, हे त्यांचा शिपाई म्हणाला. धक्क्यावर ही गर्दी! आणि पाणी पार खाडीच्या तळाला गेलेलं.

"सायेब, पाया पडतो," बळवंत म्हणाला. "सांजेला भरती हाय. पानी होडीखाली चढलं की सोडा. अलगद उतरंल."

"संध्याकाळी मी वसईच्या गाठी सोडतोय."

"आता सोडली तर फुटंल ओ!"

"माझ्या आदेशात गाठीचा उल्लेख आहे. होडीचा नाही."

त्यांनी पुढची गाठ सोडली. होडीचं नाक धाडकन चिखलात रुतलं आणि शेपूट आभाळाकडे झालं. बळवंत खाली उडी मारून खांदा द्यायला धावला. महादू गेला, पदर खोचून कृष्णाबाई गेली. तिघांच्यानं ती पेलेना.

"या रं कुनीतरी!" बळवंत वर बघून ओरडला. "धा मानसं या! खालून धरा नुसती!"

धक्क्यावर तीन-चारशे माणूस होतं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी दुसऱ्या गाठीला हात घातला. कृष्णाबाईनं नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं, तेवढ्यात होडी खाली आली. आवाज फार मोठा झाला नाही. वाळलेलं लाकूड होतं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही दोर तपासले आणि गाठी विनानुकसान सुटल्याचं जाहीर केलं. काहींनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही वाजवल्या नाहीत, हे मी मान्य करतो. पाटीच्या डाव्या अंगाला, इस्त्रीच्या बुशशर्टात तुम्ही उभे होता. "कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं हो," असं शेजारच्या गृहस्थांना तुम्ही दोनदा म्हणालात, तेही चांगलं कळवळून. त्यानंतर मालाडहून बांधून आणलेली चिवड्याची पुडी तुम्ही खिशातून काढली. तिच्या दोऱ्याची गाठ काही सुटेना. तेव्हा तुम्ही ती, कुणालाही न विचारता, दातांनी तोडलीत.