निरीक्षणाखालची जास्वंद

गेल्या महिन्याच्या चार तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या जास्वंदीचं तिसरं पान पिवळं पडलं. वेळ अचूक आहे, कारण ती मी वहीत लिहून ठेवली आहे. याच वहीत पूर्वी मी ठमीच्या दुधाच्या आणि शीच्या वेळा लिहीत असे. मागची पानं कोरी राहिली होती, आणि काळजी करणारी बाई कोरं पान वाया घालवत नाही.

ठमी म्हणजे माझी साडेपाच वर्षांची मुलगी. तिला आम्ही दोन खोल्यांच्या बालवाडीतून काढून नुकतंच मोठ्या शाळेत घातलं होतं. जुनी तिला लहान पडते, असं जो तो म्हणत होता. या शाळेत 'जबाबदारी' नावाचा विषय आहे. प्रत्येक मुलाला एक रोप मिळतं आणि वर्षअखेरीपर्यंत रोप ठणठणीत असल्याचा दाखला मिळाला तरच मूल पहिलीत जातं. ठमीने जास्वंदीचं नाव 'ताई' ठेवलं आणि शाळेतली सगळी गाऱ्हाणी ती ताईला सांगू लागली. मला सांगत नव्हती, पण ते असो.

मग शाळेतून चिठ्ठी आली: 'रोपाच्या मानाने कुंडी लहान आहे. त्वरित बदलावी.' मी त्याच संध्याकाळी बदलली. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडू लागली आणि उरलेल्यांनी माना टाकल्या.

कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी खुरपं न थांबवताच ऐकून घेतलं. "कुंडी बदललीत ना? मग रुसणारच ती. सावलीत ठेवा, वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला, आणि पंधरा दिवस हात लावू नका."

हे लेखी मिळेल का, असं मी विचारलं.

"लिहायचं काय त्यात, पोरी?"

मी पदवीधर आहे. फुकटचा, दोन वाक्यांत संपणारा आणि लेटरहेड नसलेला सल्ला मी कोणत्या तोंडाने मानणार? मी ताईला घेऊन शाळेच्या वनस्पती आरोग्य कक्षात गेले.

कारकुनाने अर्ज तीन प्रतींत भरून घेतला. त्यात 'रोपाचे पूर्वायुष्य' आणि 'घरातील वातावरण' असे रकाने होते. वातावरणापुढे 'तणावपूर्ण' आणि 'अतितणावपूर्ण' असे दोनच पर्याय होते. मग त्याने समजावलं की बाहेरच्या कुंडीतल्या रोपाची कक्षात नोंद होत नाही. त्याने हलक्या हाताने ताईला उपटलं आणि कक्षाच्या पांढऱ्या कुंडीत लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार पानं गेली. तेव्हा कळलं की पांढरी कुंडी आवक विभागाची. तपासनीस फक्त करड्या कुंडीतलं रोप पाहतात. ताई करड्या कुंडीत गेली. गुरुवारी तपासनीस आले, त्यांनी तिला उपटून उजेडात धरलं.

"मुळं उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण हे रोप कुणीतरी सारखं उपटतंय."

"तुम्हीच," मी म्हटलं.

"तो निष्कर्ष झाला. निष्कर्ष अहवालात येईल."

अहवालाला मात्र नियम आडवा आला. कुंडी बदलल्यापासून दहा दिवस उलटल्याशिवाय निदान करता येत नाही. मी हरखून म्हटलं की मग दहा दिवस राहू द्या की तशीच. कारकुनाने माझ्याकडे कीव करून पाहिलं. दहा दिवसांत मुळांनी जीव धरला की नाही, हे मुळं पाहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणून ती रोज पाहावी लागणार. आणि रोज पाहिली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागणार. मी वहीत ओळीने नऊ वेळा लिहिलं: 'आज पहिला दिवस.'

माळ्याचं ऐकलं असतंस तर, असं नवरा जेवताना पुटपुटला. माळ्याकडे शिक्का तरी आहे का, असं मी विचारल्यावर तो भात कालवू लागला. शिक्का त्याच्याकडेही नव्हता.

"आई, ताईला घरी आणू या ना," ठमी म्हणाली. "तिथे ती कुणाशीच बोलत नाही."

ताई तज्ज्ञांच्या हातात आहे, असं मी तिला सांगितलं.

अकराव्या दिवशी कुंडीत एक तपकिरी काडी होती आणि काडीला क्रमांकाची चिठ्ठी. 'मृत' असं लिहायला कारकुनाने नकार दिला, कारण मृत्यू हेही निदानच. त्याऐवजी दाखल्यावर लिहिलं: 'पाने पिवळी पडण्याची व झुकण्याची तक्रार पूर्णपणे दूर.' ते खोटं नव्हतं, पानंच नव्हती. खाली शिक्का होता. ठमीचा पहिलीतला प्रवेश पक्का झाला. मी दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणला आणि नवऱ्यासमोर धरला.

पुढच्या आठवड्यात वर्गातून चिठ्ठी आली: 'ठमी मान खाली घालून बसते, कुणाशी बोलत नाही, डबा तसाच परत नेते. तिचा चेहरा पिवळट दिसतो. बाल आरोग्य कक्षात दाखवावे.'

खोली तीच होती, फक्त दारावरची पाटी उलटून लावली होती. कारकूनही तोच.

"तिच्या वर्गात ठेवून निदान होत नाही," तो म्हणाला. "आधी आमच्या वर्गात हलवू. मग तपासनीस बघतील कुठे हलवायचं ते."

माळीकाकांची ती दोन वाक्यं माझ्या अगदी ओठांवर आली होती. अर्ज पुढ्यात होता, पेन मेजावर होतं, आणि माझा उजवा हात ठमीने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, कारकून ताईला काढायचा तशाच हलक्या हाताने, आणि सही केली.

तुम्ही मान हलवताय. पण अर्जावर लेटरहेड होतं. तुम्हीही सोडवलीच असती.