चालू गाडीची शोकसभा

कोणत्याही वस्तूवर ती चालू असताना प्रेम करणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. चालू वस्तूला तेल लागतं, माणूस लागतो, कधीमधी उठून तिच्यापर्यंत जावं लागतं. बंद पडलेल्या वस्तूचं तसं नाही. तिच्यावर घरबसल्या, पान लावत, पाय पसरून प्रेम करता येतं, आणि असं प्रेम जन्मभर टिकतं. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या लोकांना हे कळायला पुस्तकं वाचावी लागतात. सोलापुरात शुक्रवार पेठेतले चादरींचे व्यापारी ईश्वरप्पा कलशेट्टी यांना ते उपजतच कळत होतं.

आता ती वस्तू कोणती ते सांगायला हवं. अक्कलकोट रस्त्याला नंदनवन नावाची बाग होती. तेलगिरणीचे मालक गुरुबसप्पा शेठ एकदा उटीला जाऊन आले, तिथली डोंगरातली गाडी बघून आले, आणि तसली गाडी आपल्या गावाला पाहिजे म्हणून हट्टाला पेटले. गावाला डोंगर नाही, दरी नाही, झाडी बेताची. पण शेठजी देवाच्या भरवशावर राहणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सिमेंट आणलं आणि एका वेढ्यात सगळा देश बसवून टाकला. छोटंसं इंजिन, चार उघडे डबे. सुटली की पहिलं काश्मीर (चुना मारलेले डोंगर, दर दिवाळीला नवा बर्फ पडे), मग सहा फुटांचा धबधबा, मग कोकण (तीन नारळ, पैकी एक खरा), मग एक कान उडालेला वाघ, मग बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर आलं की पुन्हा तिकीटखिडकी. गाडीचं नाव सृष्टीदर्शन.

बहात्तरच्या दुष्काळात धबधबा टँकरवर चाले. सांगोल्याहून आलेल्या एका पाहुण्यानं काश्मीरकडे ढुंकूनही न बघता धबधब्याखाली घागर लावली. रखवालदारानं त्याला हाकललं नाही. रांगेत मागं उभं राहा म्हणाला.

अशी ही गाडी पाच वर्षं धावली, आणि पाच वर्षं तिच्यात कोणी बसलं नाही. त्याची कारणं शास्त्रशुद्ध होती. एक तर मजा ही गड्ड्याच्या जत्रेत करायची असते. सिद्धेश्वराच्या कृपेनं ती जानेवारीत उरकते, मग वर्षभर माणूस मोकळा. दुसरं कारण ईश्वरप्पाअण्णांनी गादीवर बसून सांगितलं होतं आणि ते पेठेला पटलं होतं. "जितं बसायचं तितंच उतरायचं, तर बसायचं कशाला? आपण काय येडे हाय का?" तिसरं कारण सर्वांत भारी. बागेत येणारी मंडळी शेंगा घेऊन रुळाच्या कडेला बसत, आणि चुकून कोणी गाडीत बसलेला दिसला की ओरडत, "काय हो, काश्मीरला का?" दुसऱ्या दिवशी पेठेत हेच. आठवडाभर हेच. एका शिंप्याला तर मरेपर्यंत काश्मीर म्हणत. एवढी अब्रू घालवून निसर्ग कोण बघणार?

अण्णांच्या पत्नी दाक्षायणीबाई मात्र बसायचं म्हणत. त्यांचं माहेर दुधनी. आगगाडी त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण ती कामाची. "दुधनीला जायाचं तर कोनतरी आजारी, न्हायतर गेलेलं," त्या म्हणत. "परत यायाचं तर हितं काम पडलेलं. अहो, नुसतं बसायसाठी म्हनून बसायचंय मला एकदा. तेवढं न्या की."

"न्हेतो की. गाडी कुटं पळून चालली?" अण्णा म्हणत. अण्णांचं हे उत्तर पाच वर्षांत एकदाही बदललं नाही. माणसाची जबान अशी एक पाहिजे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेठजी वारले, मुलांना तोटा सोसवेना, गाडी बंद झाली. आणि काय सांगावं, दुसऱ्याच दिवसापासून गावाचा जीव तिच्यात गुंतला! रुळाच्या कडेला बसून हसलेली माणसं पानपट्टीवर उसासे टाकू लागली. काय ती शिट्टी, काय तो गारवा! सत्त्याहत्तर साली तर रीतसर सृष्टीदर्शन आठवण समिती निघाली. अध्यक्ष ईश्वरप्पाअण्णा. सचिव कुंडलिकराव, म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, जे घरात मीठ संपलं तरी ठराव मांडत. पहिल्याच सभेत शोकप्रस्ताव झाला, दोन मिनिटं स्तब्धता झाली, चहा झाला.

समितीचं काम झपाट्यानं वाढलं. समितीच्या पाहणीनुसार गाडीच्या शेवटच्या फेरीत आपण होतो असं सांगणारे चार हजार लोक निघाले. गाडीत माणसं मावत चोवीस. (त्या काळी माणसं सडपातळ होती, असा खुलासा सचिवांनी केला.) धबधबा दर सभेला वाढत गेला आणि वर्षभरात चाळीस फुटांवर पोचला. पाण्यावाचून वाढणारा महाराष्ट्रातला हा एकमेव धबधबा असावा. वाघाला कान फुटला, शिवाय डरकाळी आली.

पण सभेचा कळस म्हणजे अण्णांची आठवण. दर सभेला ती शेवटी ठेवावी लागे, कारण तिच्यानंतर कोणाला बोलवत नसे. "दुसरा डबा," अण्णा डोळे मिटून सांगत, "खिडकीकडंला आमची मंडळी, आणि काश्मीर आलं. असा वारा सुटला, असा सुटला, की हिच्या अंबाड्यातला गजरा उडून पार कोकणात!" माणसं नाकं शिंकरत. डब्यांना खिडक्या नव्हत्या हे कोणाच्या लक्षात येत नसे, कारण डबे कोणी आतून पाहिलेच नव्हते.

ह्या सभा अण्णांच्याच घरी भरत. चहा दाक्षायणीबाई करत. पहिल्या वेळी त्यांनी बशा ठेवता ठेवता विचारलं, "अय्यो, मी कवा बसले?" सभा दचकली. रात्री अण्णांनी समजावलं, आठवण ही घरातल्या माणसाची नसते, समाजाची असते, बायकांना ते कळत नाही. बाई म्हणाल्या, "मग समाजाला न्हेलासा आनि मला तेवढं ठेवलं व्हय घरात?" अण्णा कूस बदलून झोपले. (अध्यक्षांना सकाळी लवकर उठावं लागतं.)

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका गुरुवारी चांदसाब दुकानात आला. चांदसाब म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. गाडी बंद पडल्यावर शेठजींच्या पोरांनी त्याला बागेत राखणीला ठेवला होता, आणि समाजाला जे कळतं ते ह्या गड्याला कळत नसल्यामुळं त्यानं चार वर्षं इंजिन पुसत, तेल घालत काढली होती.

"अण्णा, खुशखबर हाय," तो म्हणाला. "गाडी चालू झाली."

अण्णांच्या हातातली चादर तशीच राहिली. "कुटली गाडी?"

"आपलीच की. तुमी रडता ती."

मग त्यानं भराभरा सांगितलं. शेठजींची मुलं बागेचे प्लॉट पाडणार होती. पण समितीचा एवढा गाजावाजा ऐकून ती म्हणाली होती, गावाला गाडी पाहिजे असेल तर रुळाची जागा सोडतो, गाडी देतो, चांदसाब चालवील. समितीनं फक्त व्हय म्हणायचं. न्हाय म्हणाली तर रविवारी दुपारी भंगारवाला येणार. "तुमी बोला अण्णा, ऐतवारी सकाळी पैली फेरी मारतो. पैला मान तुमचा, नि भाभींचा."

आतल्या खोलीत भांडं वाजायचं थांबलं. दुकानामागंच घर असल्याचे असे तोटे असतात. चांदसाब गेल्यावर दाक्षायणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग पेटीतलं इरकल लुगडं काढून उन्हात टाकायला गेल्या.

शनिवारी, दाक्षायणीबाई चटणीच्या शेंगा आणायला बाजारात गेल्या असताना, अण्णांच्या घरी समितीची तातडीची बैठक झाली. समितीवर असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. एखाद्या घरी तेराव्याचं जेवण वाढलेलं असावं आणि मयत माणूस हातपाय धुऊन पंगतीला येऊन बसावा, तशी सगळ्यांची गत झाली. अडचणी गंभीर होत्या. चाळीस फुटांचा धबधबा एका दिवसात सहा फुटांवर कसा आणायचा? वाघाच्या कानाची जबाबदारी कोणावर? आणि मुख्य म्हणजे शेवटच्या फेरीतले चार हजार लोक आता पहिल्या फेरीत बसायला लागले, तर त्यांनी आठवण कशाची काढायची? तेलाचे व्यापारी कल्लप्पा तर रडकुंडीला आले. "म्हंजे आता दर ऐतवारी तितं जावं लागनार की हो! आनि पोरं रुळाकडंला बसून वराडणार, काश्मीरला का म्हनून!"

चांदसाब दाराशी उभा होता. तो म्हणाला, "एकदा बसून तर बघा. लई बरं वाटतं." लोक त्याच्याकडे असे बघत होते की जणू त्यानंच गाडी मारली होती.

अखेर कुंडलिकरावांनी मार्ग काढला. एकदा संमत झालेला शोकप्रस्ताव मागं घेण्याची तरतूद समितीच्या नियमांत नव्हती. गाडी गेली, हे समितीचं अधिकृत धोरण होतं, आणि गाडी चालू असणं ही धोरणाची पायमल्ली होती. ठराव मांडला गेला तो असा: "सृष्टीदर्शन गाडीच्या पवित्र स्मृतीस बाधा आणणारी कोणतीही गाडी, मग ती तीच का असेना, अस्तित्वात असू नये अशी ही सभा कळकळीची विनंती करीत आहे." ठराव एकमतानं पास झाला. अण्णांचा हात सर्वांत आधी वर गेला. दारातून आजही उन्हात टाकलेलं इरकल दिसत होतं, म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

ठराव झाल्यावर चांदसाबचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांतर्फे एक चादर. (आपल्याकडे ज्याला काही द्यायचं नसतं त्याला चादर देतात.) त्यानं चादर खांद्यावर घेतली आणि विचारलं, "म्हंजे चालू ठेवू का नको?"

"ते ठरावात आलंय," कुंडलिकराव म्हणाले.

रविवारी सकाळी दाक्षायणीबाई इरकल नेसून, शेंगाचटणी-भाकरी बांधून तयार. अंबाड्यात गजराही होता. चाळीस वर्षांच्या संसारात अण्णांनी त्यांना एवढं नटलेलं पाहिलं नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तोंडातून निघालं ते असं, "आज दुकानात माल यायाचाय. तू हो फुडं." शत्रूशीसुद्धा माणूस असं वागणार नाही, पण अण्णा अध्यक्ष होते.

बाई टांग्यानं एकट्या गेल्या. भंगारवाला दुपारऐवजी सकाळीच आला होता. इंजिनाचे तुकडे झाले होते, तीन डबे ट्रकमध्ये चढले होते, चौथ्याची बाकं उपटणं चाललं होतं. चांदसाबनं बाईंना पाहिलं आणि त्याला काय बोलावं सुधरेना. "भाभी, उशीर झाला," तो म्हणाला, आणि मग कालची सगळी सभा त्यानं सांगितली, हात कोणाचा आधी वर गेला तेसुद्धा. बाई म्हणाल्या, "मला बसायचं हुतं रे." त्यानं सत्काराची चादर खाली अंथरली. दोघांनी तिथं बसून भाकरी खाल्ली, आणि समोर डबा ट्रकमध्ये चढला.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "गर्दी हुती का?" बाईंनी गजरा काढून चुलीत टाकला आणि चहाचं आधण ठेवलं. चार वाजता समिती येणार होती.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेला मोठा मांडव पडला. गाडी आता खरोखरीच गेली असल्यामुळं गर्दी दुप्पट झाली होती. अण्णांनी गजऱ्याची आठवण सांगितली, आणि उत्साहाच्या भरात बाईंना व्यासपीठावर बोलावलं. दाक्षायणीबाई आल्या. पदर खोचला, लाऊडस्पीकर धरला.

"मी त्या गाडीत बसलेच न्हाय," त्या म्हणाल्या. "मला लई बसायचं हुतं. ह्यांनी न्हेलं न्हाय. गाडी चालू हुती, चांगली हुती, आनि ह्यांनीच हात वर करून मोडली. हितं बसलेल्या समद्यांनी मोडली. मला कळून सवरून एकटीला पाटवलं. मेल्यांनो, तुमाला लाज न्हाय."

मग कल्लप्पा हुंदका देऊन उठले आणि टाळ्यांचा पाऊस पडला. इतकं हृदयस्पर्शी मनोगत समितीनं आजवर ऐकलं नव्हतं. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "अवो, खरं सांगतेय मी!" बाई ओरडल्या, तर टाळ्या आणखी वाढल्या. स्वतः अण्णांनाही आवरेना. कोण्या निर्दय नवऱ्याच्या तावडीत सापडलेल्या त्या बाईची त्यांना फार फार कीव आली. हे मनोगत दरवर्षी व्हावं असा ठराव कुंडलिकरावांनी तिथंच मांडला, आणि तो पास करायला मांडवातले सगळे हात वर गेले.

वाचकांपैकी ज्यांना दाक्षायणीबाईंचं ऐकून गहिवरून आलं, त्यांचं समिती अभिनंदन करते. त्यांना सभासद करून घेण्यात येत आहे. अट एवढीच की तुमच्या घरात कोणीतरी बरेच दिवस तुमच्याकडे काहीतरी साधंसं मागत असावं, आणि तुम्ही हे वाचून झाल्यावर डोळे पुसून दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं.