घुम्यांचा घुमट

जेवताना बायको फोनकडे बघून हसली, तेव्हा नवऱ्याला आधी वाटलं की हिला ठसका लागला. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने मान हलवून फोनच त्याच्यासमोर धरला. पडद्यावर एकाखाली एक असे नऊ ठिपके होते. बाकी काही नव्हतं.

"हे काय?"

"घुमट."

"म्हणजे?"

बायकोने जरा विचार केला. मोठं वाक्य बोलायचं म्हणजे तिला तयारी लागायची. "घुम्या माणसांची जागा आहे. मी चालवते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि माणसं किती?"

"नऊ. मला धरून."

नवऱ्याने तोंडाजवळ नेलेला घास ताटात परत ठेवला. वर्षभर खपून नऊ माणसं! त्याच्या धंद्यात एवढ्यावर माणसाला नारळ देत असत. विक्रेत्यांना बोलायला शिकवणं हा त्याचा धंदा होता. गादी असो, विमा असो की पाणी गाळायचं यंत्र असो, समोरच्याने दार लावायच्या आत त्याला बोलण्यात कसं गुंतवायचं, यावर तो शिबिरं घ्यायचा. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही, कारण त्याच्या आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भिंतीवरचं घड्याळही आपली टिकटिक आवरती घेत असेल. अशा दोघांच्या मधोमध ती घुमी बसायची. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा," एवढ्यावर तिचा दिवस भागायचा. हाडं आपण होऊन काही विचारत नाहीत.

घुमट निघाला तो यातूनच. मोठमोठ्या समाजमाध्यमांवर ती जाऊन आली होती. तो सगळा एका मालकाचा वाडा. भिंती त्याच्या, पायऱ्या त्याच्या आणि कुणी जास्त ओरडावं हे ठरवणाराही तोच. मग तिला त्या दुसऱ्या, विकेंद्रित प्रकाराचा शोध लागला. तिथं ज्याची त्याची चूल वेगळी. कुणीही आपला छोटा सर्व्हर घ्यावा, आपले नियम करावेत, आपली माणसं बोलवावीत. घरं स्वतंत्र, पण खिडक्या समोरासमोर, त्यामुळे या घरचं त्या घरी ऐकू जातं. बागकामवाल्यांचं एक घर, सायकलवाल्यांचं एक, जुनी कुलपं जमवणाऱ्यांचंसुद्धा एक. तिने घुम्यांचं उघडलं आणि नाव ठेवलं घुमट. घुमटात एक शब्द टाकला की दहा होऊन परत येतात, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच दिवशी 'खुंटी' नावाच्या कुणीतरी विचारलं होतं, "इथं बोलावं लागतं का?" तिने उत्तर दिलं, "नाही." हे घुमटातलं सगळ्यात लांब संभाषण. त्यानंतर प्रत्येकाने रोज सकाळी एक पूर्णविराम टाकायचा, म्हणजे मी आहे, अशी पद्धत आपोआप पडली. खुंटी, उंबरा, टाचणी, सतरंजी... खरी नावं कुणाचीच ठाऊक नव्हती. एकदा तिला ताप आला आणि दोन दिवस तिचा ठिपका गेला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर आठही जणांनी दोन-दोन ठिपके टाकलेले. एवढी आस्थेची चौकशी तिची आजवर कुणी केली नव्हती. बोलायला माणसं कुठंही मिळतात, पण गप्प बसायला सोबत मिळत नाही. तिला ती मिळाली होती.

नवऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही. त्याला दिसली ती फक्त आपली एकटी पडलेली बायको. माणूस प्रेमळ होता, त्याचीच तर पंचाईत होती.

"मी चार शब्द लिहू का त्यात?" तो म्हणाला. "माणसं जोडून देतो तुला. तू फक्त बघ!"

बायको काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. तिच्या लेखी हा सणसणीत नकार होता. नवऱ्याच्या लेखी तो होकार होता, कारण विक्रीच्या धंद्यात गिऱ्हाईक गप्प बसलं की पावती फाडायची असते. मौन म्हणजे संमती असं ज्याने कुणी म्हणून ठेवलं, त्याच्या घरात घुमी बायको नसणार.

ती कामावर गेली आणि नवऱ्याने घरचा संगणक उघडला. तिचं खातं त्यावर उघडंच होतं. त्याने तिच्या नावाने लिहिलं, "तुम्ही घुमे आहात? कुणी समजून घेत नाही? मग घुमटात या आणि मनमोकळं बोला!" आणि हे निमंत्रण त्याने समोरच्या एकूण एक खिडकीत टाकलं. बागकामवाल्यांनी ते सायकलवाल्यांना दिलं, सायकलवाल्यांनी कुलपंवाल्यांना. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा घुमटात पाय ठेवायला जागा नव्हती.

जगातली इतकी माणसं इतकी वर्षं गप्प बसली होती ती तोंड उघडायची संधी मिळत नव्हती म्हणून, हे त्या दिवशी उघड झालं. एकाने 'मी फार कमी बोलतो' या विषयावर इतकं लिहिलं की वाचणाऱ्याने मध्येच जेवून यावं. एक बाई रोज मौनावर कविता करू लागल्या. एका गृहस्थाने स्वतःच्या शांततेचं ध्वनिमुद्रण चढवलं. त्यात मागे पंखा ऐकू येत होता, त्यामुळे पंखा हे बोलणं धरावं की नाही यावर दोन दिवस रण माजलं. मग तट पडले. जन्मजात घुमे एकीकडे आणि रागाने अबोला धरलेले दुसरीकडे. "अबोला म्हणजे नाटक!" असं हे म्हणायचे आणि "घुमेपणा म्हणजे माज!" असं ते म्हणायचे. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. त्यांनी मिळून निवेदन काढलं, "इतक्या गंभीर प्रश्नावर घुमटाच्या चालिकाबाईंचं मौन संशयास्पद आहे."

झालं! बाईंना बोलणं भाग पडलं. आधी तिने नियम लिहिले. मग नियमांचा खुलासा लिहिला, मग खुलाशाने दुखावलेल्यांची समजूत काढली. दरम्यान सासूबाईही फोन हातात धरून आत शिरल्या आणि पहिल्याच दमात त्यांनी लिहून टाकलं, "आमची सूनही घुमीच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली पण 'जेवण कसं झालंय' विचारलं तर 'बरं' यापलीकडे शब्द नाही." त्यावर शेकडो लोकांनी हळहळ व्यक्त केली. चालिका या नात्याने सुनेला खाली लिहावं लागलं, "घुमटात आपलं स्वागत आहे."

दवाखान्यात तर कहर झाला. एका आजोबांच्या छातीचा एक्स-रे काढताना तिने "श्वास रोखून धरा" म्हटलं आणि त्याच क्षणी फोन थरथरला. पंख्याचा वाद पुन्हा उकरला गेला होता. ती उत्तर लिहीत बसली. आजोबा शिस्तीचे होते. ते लाल झाले, मग जांभळे झाले आणि शेवटी त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"सोडा, सोडा!" ती ओरडली.

"बाई," आजोबा धापा टाकत म्हणाले, "मी न्यूमोनियातून वाचलो होतो हो."

डॉक्टरांनी तिला बोलावून समज दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी नवरा मात्र हवेत होता. "चार हजार झाले! काय म्हणालो होतो मी? बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत!"

बायकोने त्या रविवारी ठरवलं, की इथून निघायचं. या विकेंद्रित प्रकारात ती एक मोठी सोय असते. पटलं नाही तर बिऱ्हाड हलवावं, कुणाच्या परवानगीची गरज नाही. तिने दुसरीकडे एक कोरी, रिकामी जागा घेतली. निघताना यंत्राने विचारलं, "सोबतच्यांना नव्या घरी न्यायचं का?" तिच्या डोळ्यांसमोर खुंटी, उंबरा आणि बाकीचे आले. तिने "हो" दाबलं.

तिने नव्या घरात पाऊल ठेवलं आणि मागे वळून पाहिलं, तर चारही हजार दारात उभे. त्यांना कुणी आणलं नव्हतं, त्या एका "हो"ने ते आपोआप आले होते. "वा, ही जागा जास्त हवेशीर आहे!" असं एकाने लिहिलंसुद्धा. पंखेवाले गृहस्थ पंखा घेऊन आले होते.

तिने त्या गर्दीत एकेक नाव शोधलं. खुंटी नव्हता. उंबरा नव्हता. टाचणी, सतरंजी, आठांपैकी एकही नव्हता. जुन्या घरात जाऊन पाहिलं, तिथली त्यांची खातीही रिकामी. ते कधीच निघून गेले होते आणि जाताना अवाक्षर बोलले नव्हते. घुमेच ते! तिने आयुष्यात प्रथमच जाहीर विचारणा केली, "कुठे आहात?" त्याबरोबर हजारो उत्तरं आली, "आम्ही इथंच आहोत!" अशा हजारो छोट्या घरांपैकी ते आठ जण कुठल्या घरात शिरले असतील, हे कुणाला विचारणार? अख्ख्या गावाची यादी ठेवणारा इथं कुणी नसतो. आपली माणसं गेली, आपल्यावर रुसून गेली, असं तिला वाटलं आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली.

नवरा नेमका तेव्हाच आत आला. "अगं, नवी जागा पाहिली! फारच छान कल्पना. म्हणजे आता आपल्या दोन शाखा..."

"मला वाढवायचं नव्हतं," बायको म्हणाली.

"काय?"

"मला ते वाढवायचं नव्हतं. ती आठ माणसं पुरेशी होती. तीच हवी होती मला. तुमच्या लेखी ते नऊ ठिपके असतील, पण मी रोज सकाळी त्यांच्यासाठी उठत होते. आता ते गेलेत आणि मला सापडत नाहीत."

एका दमात इतकी वाक्यं ती कधीच बोलली नव्हती.

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"कधी सांगणार? तुम्ही बोलत होतात."

"मग नंतर..."

"नंतरही तुम्हीच बोलत होतात."

"अगं पण..." सासूबाई दारातून म्हणाल्या.

"आणि मग आई बोलत होत्या."

त्या रात्री घरात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई पूर्ववत झाल्या, पण नवरा झाला नाही. चहा प्यायला, मान हलवली आणि कामावर गेला. संध्याकाळी आला तो फोन घेऊन कोपऱ्यात बसला. तिसऱ्या दिवशीही तेच.

"अरे, घसा बसलाय का?" सासूबाईंनी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. त्याने निमूटपणे केल्या. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि घसा उत्तम असल्याचं सांगितलं. शिबिरात म्हणे त्याने फळ्यावर 'ऐका' एवढंच लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचून उभा राहिला.

"तू काय बोललीस गं त्याला?" सासूबाईंनी सुनेला विचारलं. "माझा पोरगा जन्मल्यापासून इतका गप्प नव्हता."

नवऱ्याने अबोला धरला असं सुनेला वाटत होतं आणि आपण फार बोललो याची टोचणी लागली होती. इतकी वर्षं जिची आस धरली ती शांतता अखेर घरात आली होती आणि तेच घर आता तिला खायला उठलं होतं. त्याचं ते अखंड बोलणं चालू असायचं म्हणून आपल्याला निवांत गप्प बसता यायचं, हे तिला आता कळत होतं. दोन-तीनदा तिने स्वतःहून विषय काढला. हवेचा काढला, भाजीचा काढला. तो हसला, पण बोलला नाही.

आठवडा उलटला तेव्हा तो ती बसली होती तिथं आला आणि त्याने फोन तिच्यासमोर ठेवला. कुठल्यातरी अनोळखी घराचं पान उघडलं होतं. वर नाव नव्हतं. खाली मात्र होती. खुंटी. उंबरा. टाचणी. सतरंजी. आठही जण.

बायकोच्या तोंडून शब्द फुटेना, पण तिच्या बाबतीत यात नवीन काही नव्हतं.

"सापडले," नवरा म्हणाला. आवाज जरा घोगरा झाला होता, वापर नसल्याने. "एकेक घर पालथं घातलं. जिथं कुणीच काही बोलत नव्हतं तिथं जास्त वेळ थांबायचो. इथं नव्या माणसाला आठवडाभर एक शब्दही लिहायची बंदी आहे. लिहिला की बाहेर. पाळलं तरच आपल्याला दुसऱ्या कुणाला आत घेता येतं. मला वाटलं, तिथं गप्प बसायचं तर घरीही सवय करायला हवी. नाहीतर मला कुठलं जमायला!"

"म्हणून तुम्ही..."

"एकदा तर मेलोच होतो. सतरंजीने चुकून पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम टाकला. त्यावर मला इतकं काही सुचलं गं! पण गिळलं." त्याने एक बटण तिच्याकडे सरकवलं. "आणि ते रुसले नव्हते. तुला सांगून गेले नाहीत, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. हे दाब, तू आत. मी बाहेर पडतो. मला पुन्हा नाही झेपायचं."

बायको फोनकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. तो जरा सुकला होता. गालाची हाडं वर आली होती आणि ओठ मिटलेले असूनही आतून काहीतरी ढकलत असावं तसे हलत होते.

"आता बोलू का?" त्याने विचारलं.

तिने फोन उपडा घालून बाजूला ठेवला. ते आठ जण घाई करणारे नव्हते. तिने शेजारची खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"बोला," ती म्हणाली. "आठवडाभराचं सगळं बोला. काही गाळू नका."

नवऱ्याने दीर्घ श्वास घेतला. तेवढ्यात आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब रे!" सासूबाई ओरडल्या. "मी आल्याशिवाय सुरू करू नकोस!"